वटवट्याची साक्ष

पावसाळा सरला की सह्याद्रीच्या झाडीत, शहरांतल्या जुन्या वडा-चिंचांवर आणि कोकणातल्या बागांमध्ये हिरवट वटवट्या येऊन दाखल होतो. हिमालय आणि मध्य आशियातली वीण आटोपून आलेला हा पक्षी जेमतेम दहा सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचे वजन सात-आठ ग्रॅमच्या आसपास भरते. पाठ हिरवट, पोट मळकट पांढरे, डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर असलीच तर एक पुसट पट्टी. त्याच्याच गोतातला थोराड चोचीचा वटवट्या, डोक्यावर फिकट पट्टा असलेला वटवट्या आणि ह्यूमचा वटवट्या हेही याच दिवसांत आपल्याकडे उतरतात. पानांच्या दाटीत एका क्षणापुरता दिसलेला यांपैकी नेमका कोण, हे उत्तम कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रावरूनही पुष्कळदा ठामपणे सांगता येत नाही. पंखावरची पट्टी पिसे झिजली की नाहीशी होते आणि पाठीचा रंग सकाळच्या व दुपारच्या उन्हात वेगळा भासतो. आवाज मात्र बहुधा फसवत नाही. हिरवट वटवट्या दोन तुकड्यांची तुटक हाक देतो, त्याचा अगदी जवळचा भाऊबंद असलेला हिरवा वटवट्या तीन तुकड्यांची देतो, तर थोराड चोचीच्या वटवट्याची हाक दोन स्वरांच्या चढत्या शिळेसारखी असते. असे असूनही पक्ष्यांच्या ओळखीच्या इतिहासात पुराव्याचा मान सतत दिसणाऱ्या वस्तूला मिळाला: आधी कातड्याला, मग छायाचित्राला. गाणाऱ्या पक्ष्याची खरी ओळख कानाने सुरू झाली होती, डोळ्यांना दाखवता येणारा पुरावा तिच्या मदतीला आला आणि पुढे तिचीच जागा अडवून बसला, असे माझे म्हणणे आहे. या चिमुकल्या पक्ष्यांच्या अडीचशे वर्षांच्या कहाणीत त्याचे पुरावे सापडतात.

कहाणी सुरू होते इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न या खेड्यात. तिथला धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) आपल्या गावच्या निसर्गाच्या नोंदी ठेवत असे आणि टॉमस पेनंट या प्राणिशास्त्रज्ञाला पत्रांतून त्या कळवत असे. पुढे १७८९ मध्ये ती पत्रे पुस्तकरूपाने आली आणि इंग्रजी निसर्गलेखनाचा पाया ठरली. त्या काळी विद्वानांच्या लेखी इंग्लंडातल्या वाळुंजाच्या झाडांवर दिसणारा लहान हिरवट पक्षी ही एकच जात होती. विल्यम डेरहॅम यांनी त्या तीन असाव्यात असा अंदाज पूर्वी मांडला होता, पण तो अंदाजच राहिला होता. १७६८ च्या एप्रिलमध्ये व्हाइटने पेनंटला कळवले की यांतल्या दोघांना तो नीट ओळखतो आणि त्यांच्या आवाजांत जितके अंतर आहे तितके क्वचितच कुठल्या दोन पक्ष्यांत असेल. एकाचे गाणे आनंदी आणि मोकळे, दुसऱ्याची नुसती खणखणीत चिवचिव. हा दुसरा मार्चच्या मध्यावर, म्हणजे बहुतेक सगळ्या उन्हाळी पाहुण्यांच्या आधी, ऐकू येऊ लागतो आणि ऑगस्ट संपेपर्यंत थांबत नाही, हेही त्याने नोंदवले. १७ ऑगस्टच्या पत्रात तिसराही आला: उंच बीच वृक्षांच्या शेंड्यावर बसून, पंख किंचित थरथरवत, नाकतोड्यासारखा सळसळता आवाज काढणारा. आज या तिघांना विलो वटवट्या, चिफचॅफ आणि वूड वटवट्या म्हणतात. चिफचॅफला शास्त्रीय नाव मिळाले ते १८१७ मध्ये, फ्रेंच अभ्यासक व्हिएयो यांच्याकडून. म्हणजे ज्याला शास्त्राने जात म्हणून मान्यता दिली, त्याला एका खेड्यातल्या माणसाच्या कानाने जवळजवळ पन्नास वर्षे आधीच वेगळे काढले होते.

यावर एक रास्त आक्षेप असा की व्हाइटचा भरवसा नुसत्या कानावर नव्हता. त्याच ऑगस्टच्या पत्रात तो सांगतो की तिन्ही पक्ष्यांचे नमुने त्याच्यापुढे ठेवलेले आहेत. आकाराच्या तीन पायऱ्या त्याने पाहिल्या, सर्वांत लहानाचे पाय काळे आणि इतर दोघांचे मांसल रंगाचे असल्याचे लिहिले, सर्वांत मोठ्याच्या पंखांवरची पांढुरकी किनार टिपली. दोघांची वजने करून गाणारा पक्षी चिवचिवणाऱ्यापेक्षा एक पंचमांशाने जड असल्याचा हिशेबही त्याने दिला आहे. हे नमुने बंदुकीनेच हाती आले होते. ही वस्तुस्थिती मान्य करूनच पुढे जायला हवे. पण तिने माझे म्हणणे मोडत नाही, कारण इथे महत्त्व क्रमाला आहे. आवाज वेगळे आहेत हे आधी कळले म्हणून शरीरांत फरक शोधण्याचे कारण निर्माण झाले. पायांचा रंग आणि वजन यांची नोंद अर्थपूर्ण ठरली ती कोणता मृत पक्षी जिवंतपणी काय गात होता हे ठाऊक होते म्हणून. तोच ढीग आवाजाची माहिती नसलेल्या माणसापुढे ठेवला असता, तर त्याने पायांच्या रंगातला फरक वयाचा किंवा ऋतूचा समजून सोडून दिला असता. दुसरे म्हणजे व्हाइटची नोंद कोणालाही पडताळता येण्याजोगी होती. कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, कसा आवाज, हे सांगितल्यावर पुढच्या मार्चमध्ये इंग्लंडातल्या कोणत्याही माणसाला बाहेर पडून ते खरे की खोटे पाहता येत होते. पुरावा म्हणजे दुसऱ्याला तपासता येईल अशी गोष्ट, असा अर्थ घेतला तर व्हाइटची पत्रे हा पुरावाच होता.

या पत्रांचा हिंदुस्थानशी थेट धागा जुळतो तो एडवर्ड ब्लाइथमुळे. या तरुण निसर्गअभ्यासकाने १८३६ मध्ये व्हाइटच्या पुस्तकाची स्वतःच्या टिपांसह एक आवृत्ती काढली होती आणि पाच वर्षांनी, १८४१ मध्ये, तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून रुजू झाला. पुढची वीसेक वर्षे हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून लष्करी अधिकारी, डॉक्टर आणि मुलकी नोकर पक्ष्यांची कातडी त्याच्याकडे पाठवत राहिले. आज महाराष्ट्रात हिवाळ्यात भेटणाऱ्या वटवट्यांपैकी कित्येकांचे शास्त्रीय नामकरण ब्लाइथने केलेले आहे: हिरवा वटवट्या आणि थोराड चोचीचा वटवट्या १८४३ मध्ये, डोक्यावर फिकट पट्टा असलेला १८४५ मध्ये. चिफचॅफचा सायबेरियाकडचा, हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात येणारा प्रकारही त्यानेच १८४३ मध्ये वर्णिला. सेलबोर्नच्या धर्मोपदेशकाची पत्रे ज्याने टिपा लिहून वाचकांपुढे ठेवली, त्याच्याच हातून या कुळातले इतके भाऊबंद नावारूपाला यावेत, यात एक सातत्य आहे. पण पद्धत पूर्ण बदलली होती. व्हाइटने एकाच गावात वर्षानुवर्षे ऐकले होते. ब्लाइथपुढे मात्र टेबलावर पडलेली कातडी होती, आणि त्यातली बरीचशी त्याने कधी न पाहिलेल्या जंगलांतली होती. पाठवणाऱ्यांपैकी कोणी पक्ष्याची हाक कळवली असेल तर असेल, पण नाव ठरायचे ते चोचीची लांबी, पंखातल्या पिसांचे प्रमाण आणि पाठीची छटा यांवर.

कातड्याचे राज्य का आले, हे समजून घेतले पाहिजे, कारण ते नुसत्या हव्यासातून आले नव्हते. शास्त्रीय नाव देताना एक मूळ नमुना जपून ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक वादात त्याच्याकडे परत जायचे, हा नियम ज्ञानाला स्थैर्य देणारा आहे. लंडन आणि कलकत्ता यांच्यात हजारो मैलांचे अंतर असताना दोन अभ्यासक एकाच पक्ष्याविषयी बोलत आहेत याची खात्री दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पटली नसती. ॲलन ह्यूमने १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे हिंदुस्थानी पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि १८८५ मध्ये आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला, तेव्हा कातडी आणि अंडी मिळून त्यात ८०,००० हून अधिक नग होते. त्याच काळात विल्यम ब्रुक्स हा हिंदुस्थानातला रेल्वे अभियंता पानांत वावरणाऱ्या या वटवट्यांवर खास लक्ष ठेवून होता. ह्यूमचे नाव धारण करणारा वटवट्या त्याने १८७८ मध्ये वर्णिला. या माणसांची मेहनत आणि नजर दोन्ही थोर होत्या, आणि त्यांच्या संग्रहांशिवाय आजचे कोणतेही पक्षिपुस्तक उभे राहिले नसते. अडचण एवढीच की कातडे मुके असते. पक्षी शेपूट कशी हलवत होता, शेंड्यावर बसला होता की झुडपात, काय बोलत होता, हे चिठ्ठीवर कोणी लिहून ठेवले तरच उरते. आणि संग्रहालयाच्या खणात सगळ्यांत अचूक मोजता येणारी गोष्ट हळूहळू सगळ्यांत महत्त्वाची मानली जाऊ लागते.

कातडे निदान खोटे बोलत नाही, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रातलेच एक उदाहरण याला उत्तर देते. रानपिंगळा हा गाणारा पक्षी नव्हे, पण पुराव्याविषयीचा त्याचा धडा सर्वच पक्ष्यांना लागू पडतो. एकोणिसाव्या शतकात खानदेशात गोळा केलेल्या रानपिंगळ्याच्या कातड्यांपैकी एक रिचर्ड माइनर्ट्झहॅगन याने ब्रिटिश म्युझियममधून लांबवले, पुन्हा नव्याने भरले आणि ते आपण १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याची चिठ्ठी त्याला लावली. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक चुकीच्या जागी हा पक्षी शोधत राहिले. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बनाव उलगडला, संशयास्पद नोंद बाजूला सारली आणि विश्वासार्ह जुन्या स्थळांचा माग घेत १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत पाहिला. त्यांनी त्याला मारले नाही. छायाचित्रे आणि चित्रफीत हाच पुरावा त्यांनी जगापुढे ठेवला आणि तो जगाने मान्य केला. या एकाच प्रकरणात दोन गोष्टी सिद्ध होतात. वस्तू कितीही ठोस असली तरी तिची किंमत तिला जोडलेल्या स्थळ-काळाच्या नोंदीइतकीच असते. आणि कॅमेऱ्याने बंदुकीची गरज ज्या प्रकारे संपवली, ती क्रांती छोटी नाही. छायाचित्राविषयी काहीही टीका करण्याआधी हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

ती क्रांती सुरू झाली तेव्हा कॅमेरा जड होता आणि काचेच्या प्लेटा मंद होत्या. यॉर्कशायरच्या स्वेलडेल खोऱ्यातले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ त्यातले अग्रणी. १० एप्रिल १८९२ रोजी लंडनच्या उत्तरेला चेरीने गाणाऱ्या कस्तुराच्या, म्हणजे इंग्लंडच्या बागांतल्या अगदी नेहमीच्या गायक पक्ष्याच्या, अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले. जागच्या जागी टिपलेले ते अशा प्रकारचे पहिले छायाचित्र मानले जाते. १८९५ मध्ये त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक निघाले, ज्यातली चित्रे सर्वस्वी निसर्गातल्या छायाचित्रांची होती. पक्ष्याला संशय येऊ नये म्हणून हे भाऊ पेंढा भरलेल्या बैलाच्या पोटातही लपून बसत. पहिली छायाचित्रे घरट्यांची का, याचे कारण उघड आहे: घरटे हलत नाही. पुढची कित्येक दशके पक्षिछायाचित्रण म्हणजे मुख्यतः घरट्याजवळ लपण उभारून परतणाऱ्या पक्ष्याची वाट पाहणे असेच राहिले. हिंदुस्थानात ई. एच. एन. लोथर यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आणि १९४९ मध्ये त्यांचे पुस्तक आले. सिंगापूरचे चित्रपट-उद्योजक लोक वान थो यांनी सालिम अलींच्या सोबतीने इथल्या पक्ष्यांची जी छायाचित्रे घेतली, त्यांनीही याच परंपरेला पुढे नेले.

सालिम अलींच्याच आयुष्यात हा सगळा पालट दिसतो. १९०८ मध्ये लहानग्या सालिमने हवेच्या बंदुकीने एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, आणि ती कोणती हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेला. मिलार्ड यांनी त्याच्यापुढे कातड्यांचे खण उघडले. तोच मुलगा पुढे १९४१ मध्ये हिंदुस्थानी पक्ष्यांचे असे पुस्तक घेऊन आला की ज्याच्या आधारे सामान्य माणसाला बंदुकीविना, नुसत्या दुर्बिणीने पक्षी ओळखता येऊ लागला. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या दहा खंडांच्या ग्रंथात, जो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला, पक्ष्यांच्या आवाजासाठी वेगळे शीर्षक राखलेले आहे. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. कातड्यांच्या शिस्तीत तयार झालेल्या या अभ्यासकाने पक्ष्याच्या हाकेला मापांच्या तक्त्याच्या बरोबरीचे स्थान दिले. तरीही वाचकांच्या हाती पोहोचताना प्राधान्य चित्रांना मिळाले आणि पुढे छायाचित्रांना. पक्ष्यांचे पुस्तक घेणारा आधी चित्र पाहतो आणि तिथेच थांबतो. आवाजाविषयीच्या दोन ओळी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

छायाचित्राने कातड्याकडून उचललेला वारसा इथे दिसतो. तेही मुके आहे, आणि तेही जे स्पष्ट दाखवता येते त्यालाच महत्त्व देते. शिवाय त्याची एक स्वतःची निवड आहे: मोकळ्या फांदीवर, चांगल्या उजेडात, बाजूने दिसणारा पक्षी. वटवट्यासारखा पानाआड राहणारा, सतत हलणारा, रंगाने साधा पक्षी या निवडीत मागे पडतो, आणि तो संख्येने विपुल असूनही छायाचित्रांच्या संग्रहांत त्याचे स्थान त्या विपुलतेच्या प्रमाणात नसते. पूर्वीची घरट्यांवरची भिस्तही निर्दोष नव्हती. पानांची आडोशाची डहाळी बाजूला बांधली की घरटे कावळ्यांना आणि उन्हाला उघडे पडते, म्हणून आज अनेक संस्था आणि स्पर्धा घरट्यांची छायाचित्रे स्वीकारत नाहीत. यावर छायाचित्रकाराचे उत्तर असे असेल की आजचे डिजिटल छायाचित्र चिफचॅफ आणि विलो वटवट्या यांतलाही फरक दाखवते. ते खरे आहे. पंख मिटलेला असताना उड्डाणपिसांची टोके किती बाहेर डोकावतात हे मोजता येते, आणि पंख पसरलेला असेल तर बाहेरून सहाव्या पिसाच्या कडेवरची खाच चिफचॅफमध्ये दिसते, विलो वटवट्यात दिसत नाही. परंतु हे बारकावे कुठे पाहायचे हे ठरवणारे ज्ञान जाळ्यात धरलेल्या, हाताळलेल्या आणि मुख्य म्हणजे आवाजाने आधी वेगळ्या केलेल्या पक्ष्यांवरून आले. छायाचित्र त्या ज्ञानाचा उपयोग उत्तम करते. ते त्याचे उगमस्थान नाही.

आवाजाला पुराव्याचा दर्जा न मिळण्यामागे एक खरे कारण होते: तो हवेत विरून जात असे. ते कारण हळूहळू नाहीसे झाले, आणि त्या कथेच्या सुरुवातीलाच एक भारतीय पक्षी आहे. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या लहान मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर आपल्या पाळलेल्या श्यामाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. पक्ष्याच्या गाण्याचे ते सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण. श्यामा सह्याद्रीच्या दाट रानात राहणारा, सुरेल गळ्याचा पक्षी आहे. कॉखकडचा श्यामा पिंजऱ्यातला होता. रानातल्या पक्ष्याचे काही स्वर १९०० मध्ये टिपले ते चेरी कीर्टनने, कॅमेऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच माणसाने. कॉखने पुढे इंग्लंडात येऊन १९३६ मध्ये मॅक्स निकोल्सन यांच्यासह रानपक्ष्यांच्या गाण्यांचे पुस्तक ध्वनिमुद्रिकांसह प्रसिद्ध केले. त्यानंतर १९५० च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी आवाजाचा आलेख काढणारे यंत्र पक्ष्यांच्या गाण्याच्या अभ्यासाला लावले, आणि गाणे प्रथमच कागदावर मोजता येऊ लागले. कोणत्या क्षणी कोणती पट्टी, किती लांब, किती वेळा, हे आता दोन माणसे एकाच कागदाकडे बोट दाखवून बोलू शकत होती. रासमुसेन यांच्या दक्षिण आशियाई पक्ष्यांवरील २००५ च्या पुस्तकात जातींच्या वर्णनाशेजारी असे ध्वनिआलेख छापलेले आहेत.

आवाज मोजता येऊ लागताच वटवट्यांच्या जगात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ब्रुक्सने १८७८ मध्ये वेगळा काढलेला ह्यूमचा वटवट्या मधल्या काळात एका दुसऱ्या जातीचा उपप्रकार म्हणून खाली ढकलला गेला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस गाणी, हाका आणि जनुके यांचा मेळ घातल्यावर तो पुन्हा स्वतंत्र जात ठरला. पर आल्स्ट्रोम आणि उर्बान ऊलसन या स्वीडिश अभ्यासकांनी चीनच्या डोंगरांत गाण्यांच्या साहाय्याने अशा जाती शोधल्या ज्या आधी जवळच्या जातींतच मोडल्या जात होत्या. त्यांतला एमेई पर्वतावरून नाव मिळालेला वटवट्या १९९५ मध्ये वर्णिला गेला. हिरवट वटवट्याचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये मुख्यतः संग्रहालयांतल्या कातड्यांवरून या संपूर्ण गणाचा आढावा लिहिला आणि एक असामान्य गोष्ट ओळखली: तिबेटच्या पठाराभोवती या पक्ष्याची वस्ती कड्यासारखी पसरली आहे, कडेकडेने रूप थोडे थोडे बदलत जाते, आणि उत्तरेला सायबेरियात कड्याची दोन टोके एकत्र येतात तिथे ती दोन वेगळ्या जातींसारखी वागतात. हे कातड्यांवरून दिसले, हे कातड्यांच्या बाजूने मोठे प्रमाण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ती टोके एकमेकांशी का मिसळत नाहीत, याचा माग लागला तो २००१ मध्ये, जेव्हा डॅरेन अर्विन, स्टाफान बेन्श आणि ट्रेव्हर प्राइस यांनी त्यांची गाणी तुलनेला घेतली. हिमालयाच्या दक्षिण भागात साधी असलेली गाणी दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे जाताना लांब आणि गुंतागुंतीची होत जातात, पण दोन वेगवेगळ्या रीतींनी. सायबेरियातले नर दुसऱ्या टोकाच्या गाण्याला आपले मानत नाहीत. नंतरच्या जनुकीय अभ्यासाने हे कडे पूर्वी मधूनमधून तुटलेले असावे असे दाखवले. तरी गाणे ही या पक्ष्यांची स्वतःची ओळखखूण आहे, या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. आपल्या द्वीपकल्पात हिवाळा काढणारे पक्षी प्रामुख्याने या कड्याच्या पश्चिमेकडच्या बाजूचे आहेत.

आता सर्वांत गंभीर आक्षेप: कान फसतो. पक्ष्यांच्या गाण्यांत प्रादेशिक बोली असतात, काही जाती दुसऱ्यांची नक्कल करतात, वयाने ऐकण्याची क्षमता कमी होते आणि उंच पट्टीच्या हाका आधी हरवतात. ‘मी ऐकले’ एवढ्यावर दुर्मीळ पक्ष्याची नोंद मान्य केली तर यादीत कल्पनेला शिरकाव मिळेल. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच एकट्या कानाची सत्ता मी मागत नाही. पण यांतला एकही दोष फक्त कानाचा नाही. उजेड रंग बदलतो, भिंगाची मर्यादा आकार बदलते, खोटी चिठ्ठी कातड्याला खोटे पाडते. उपाय सगळीकडे एकच आहे: एकाहून अधिक साक्षी आणि त्यांची उलटतपासणी. हिवाळ्यात पक्षी गात नाहीत, मग महाराष्ट्रात गाण्याचा उपयोग काय, असेही विचारता येईल. गाणे विणीच्या प्रदेशात राहते हे खरे, पण हाक इथेही येते. हिवाळ्यातल्या हिरवट वटवट्यांवर दक्षिण भारतात झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे की हे पक्षी एकेकटे आपापल्या झाडांचा ताबा घेऊन राहतात आणि त्यासाठी हाका देतात. म्हणजे तो दिसण्याआधी ऐकू येणे हा योगायोग नाही. आपली जागा जाहीर करणे हेच त्या हाकेचे काम आहे.

यंत्राने हा प्रश्न सोडवला आहे, असेही आज वाटू शकते. २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या झेनो-कॅन्टो संग्रहात जगभरच्या लोकांनी पक्ष्यांची ध्वनिमुद्रणे जमा केली, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या मर्लिन या ॲपने २०२१ पासून फोनवर आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवायला सुरुवात केली. ही साधने स्वागतार्ह आहेत, कारण आवाजाला दुर्लक्षातून त्यांनीच बाहेर काढले. तरी ॲप जे सुचवते ते माणसांनी आधी ऐकून, नाव लावून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांच्या जोरावर. जिथे अशी ध्वनिमुद्रणे थोडी, तिथे त्याचे सुचवणे कच्चे. शिवाय नाव हाती आले की ऐकणे थांबते, ही कातड्याच्या आणि छायाचित्राच्या काळात झालेली चूक फोनच्या काळातही होऊ शकते. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचीच हाक वारंवार वाजवणे हा तर आणखी वेगळा अपराध आहे. आपल्या झाडाचे रक्षण करणाऱ्या सात ग्रॅमच्या जिवाला खोट्या शत्रूमागे पळायला लावून मिळालेले छायाचित्र कितीही सुंदर असले तरी ते घेऊ नये.

या सगळ्यातून छायाचित्रकारासाठी निघणारा नियम साधा आहे. छायाचित्र घ्यावे, पण त्याच्यासोबत तारीख, ठिकाण, झाड, पक्ष्याची वागणूक आणि त्याच्या हाकेचे वर्णन किंवा फोनवरचे ध्वनिमुद्रण ठेवावे. गाणाऱ्या पक्ष्याचे छायाचित्र या नोंदीशिवाय अर्धा पुरावा आहे. तसेच मराठी पक्षिपुस्तकांनी, शाळांच्या निसर्गमंडळांनी आणि हौशी गटांनी प्रत्येक जातीच्या चित्राच्या बरोबरीने तिच्या आवाजाला जागा द्यावी, आणि सह्याद्रीतल्या हिवाळी हाकांचा तारीखवार संग्रह उभारावा. याचे कारण केवळ व्यक्तिगत आनंद नाही. व्हाइटच्या नोंदीवरून चिफचॅफ १७६८ च्या सुमारास मार्चच्या मध्यावर ऐकू येऊ लागत असे हे आजच्या इंग्रज अभ्यासकाला ठाऊक आहे, आणि बदलत्या हवामानात तो किती आधी येतो हे त्याला त्या आधारावर सांगता येते. आपल्याकडे येणाऱ्या वटवट्यांची पहिली हाक कोणत्या आठवड्यात आली, याची सलग नोंद गावोगावी ठेवली, तर स्थलांतराच्या वेळापत्रकातला बदल पुढच्या पिढीला मोजता येईल. त्यासाठी ना बंदूक लागते, ना महागडे भिंग. दर वर्षी त्याच झाडांखाली जाऊन, वहीत तारीख घालून ऐकणारी माणसे लागतात, आणि पानाआडच्या या पक्ष्याच्या आगमनाची तारीख पक्की करण्याचा याहून चांगला मार्ग अडीचशे वर्षांत सापडलेला नाही.